शिवलीलाक्काची वाटी

“हे घोरणं कुणाचं?” आप्पाजींच्या गालावरची पट्टी बदलता बदलता दिव्यश्री सिस्टरचा हात थांबला.

“शेजारच्या शिवलीलाक्काचं,” सकवारबाई कौतुकानं म्हणाली. “गुडघ्यापायी आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज लागलीया झोप.”

मल्लेश्वरमच्या त्या बैठ्या घरांच्या भिंती पातळ होत्या. आप्पाजींची उमर निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेली, आणि जबड्यातला कॅन्सर घेऊन ते आणि सकवारबाई, नवराबायको, उपचाराला इथं आली. तेव्हापासून शिवलीलाक्काची वाटी रोज यायची, कधी आमटीसारखा पातळ सारू, कधी उप्पीट. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही सकवारबाईची माहेरची शिकवण. आज सकाळी घरात साखरसुद्धा नव्हती. म्हणून तिनं आप्पाजींच्या दुखण्याची गोळी वाटीत घातली होती. दुपारी भिंतीपलीकडून अक्का म्हणाली, “स्वल्पही फरक नाही गं,” तेव्हा आणखी एक नेऊन दिली.

तशी सिस्टर बजावून थकली होती. ही मेथाडोनची गोळी सावकाश चढते आणि अंगात साठत जाते. आप्पाजींच्या अंगवळणी पडलीय, पण दुसऱ्याचा जीव घेईल. झोपेच्या गोळीबरोबर तर मुळीच नको. सकवारबाईनं दर वेळी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं!

“हे घोरणं बरं नव्हे,” म्हणत सिस्टर पळाली. सकवारबाई मागोमाग गेली. शिवलीलाक्काचे ओठ निळसर पडले होते. हाका मारून, हलवूनही ती जागी होईना. एक श्वास यायचा आणि दुसरा येतो की नाही असं वाटायचं.

“काय घेतलं यांनी? लवकर बोला!”

या गोळ्या मिळण्याआधी आप्पाजी वेदनेनं उशी चावायचे. गोळी घराबाहेर गेली तर औषध बंद होईल, असं दवाखान्यात सांगितलं होतं.

“आमच्या डब्यातल्या गोळ्या. मेथाडोनच्या. दोन,” ती म्हणाली. “वर झोपेचीही घेते ती.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, “तिनंच घेतल्या असतील. डबा उघडाच होता.”

अँब्युलन्स आली, उताऱ्याचं इंजेक्शन मिळालं. उताऱ्याचा जोर गोळीच्या आधी ओसरतो, म्हणून अक्काला दवाखान्यातच नजरेखाली ठेवलं. सिस्टरनं आप्पाजींच्या डब्याला कुलूप आणून दिलं. औषध चालू राहिलं. आप्पाजी शांत झोपू लागले, सकवारबाईची झोप मात्र उडाली. आपण शेण खाल्लं, हे तिला पुरतं कळत होतं.

अक्का घरी आली त्या दिवशी तिचा मुलगा गिरीराज अंगणातच कडाडला, “अव्वा, लोकांच्या घरातल्या गोळ्या चोरायच्या? लाज आणलीस!”

शिवलीलाक्कानं सकवारबाईकडे पाहिलं. सकवारबाईचं तोंड उघडलं. तेवढ्यात आतून आप्पाजींनी पाणी मागितलं आणि ते तसंच मिटलं.

“व्हय बाबा,” अक्का म्हणाली. “चुकलं माझं.”

दुसऱ्या दिवशी वाटीतून सारू आला, पण अक्का उंबऱ्याबाहेरच थांबली.

“आत ये की, अक्का.”

“बेडा गं, नको. तुझा डबा आत असतो. सिस्टर बघतील, उगाच तुला बोल लागेल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सकवारबाईला सोसला असता. तिनं सारू भांड्यात ओतून घेतला, वाटी धुतली आणि घाईनं साखरेचा डबा काढला.

“थांब, आज साखर हाय घरात.”

“राहू दे,” अक्कानं हात पुढे केला. “रिकामीच दे.”

सकवारबाईनं ओली वाटी पदराला पुसली आणि उंबऱ्यावरून तिच्या हातात दिली.