माझी फुगडी फोनने पळवली

मी कॅनडातल्या सस्काटूनच्या एका बेसमेंटमधला माइक. ऐकणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या पोटात दुखतंय. एका फोनमुळे दुखतंय, हेही आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात एका बंद खोलीत माझी परीक्षा झाली होती. लांबवर टाचणी टाकली, ती मी ऐकली, म्हणून पास झालो. मग ओकव्हिलच्या निधीने मला विकत घेतलं आणि बाबांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून इथे पाठवलं. तिचे बाबा म्हणजे राजनकाका. चाळीस वर्षं युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. गाडी चालवताना, पोळ्या लाटताना कुणालाही ऐकता येईल असं विज्ञान मराठीत सांगायचं, ही त्यांची हौस. त्या पॉडकास्टचं नाव 'घोटभर विज्ञान'.

माझे फार लाड झाले. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, मला स्पंजचं टोपरं घातलं. आणि सगळ्यात मोठा लाड म्हणजे, मला घरघर ऐकू येते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी घर गरम ठेवणारा फर्नेस बंद. बाहेर उणे पस्तीस आणि काका कानटोपी घालून माझ्याशी बोलताहेत. वरून पद्मजाकाकू ओरडायच्या, "अहो, त्या माइकला थंडी वाजत नाही, मला वाजते."

माझ्यापायी काकूंना घरात दोन स्वेटर घालावे लागतात, याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

ऐकणारे मात्र एकवीस. त्यात निधी, तिचा नवरा आणि दोनदा स्वतः काका. काका कागदावरून वाचायचे. 'असंगत प्रसरण', 'गुप्त उष्मा' असले शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. दर शनिवारी ते आकडा बघायचे. या जानेवारीत म्हणाले, "महिनाभर बघू, नाहीतर हे सगळं आवरून टाकू." सगळं म्हणजे मीसुद्धा.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी विषय होता, पाणी गोठताना फुगतं कसं. काकांनी एकही चूक न करता वाचलं. त्या खुशीत ते तयार झाले आणि काकूंना घेऊन इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. फर्नेस सुरू करायचा राहून गेला.

संध्याकाळी परत आले तर घर म्हणजे फ्रीझर. घाईघाईने फर्नेस लावला. घर गरम झालं आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतला जो पाइप गोठून तडकला होता, तो वाहायला लागला. पाणी थेट बेसमेंटमध्ये, माझ्या रजयांवर. काकांनी पाण्याचा मुख्य नळ बंद केला आणि सगळ्यांत आधी मला उचललं. टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं. मायेनं ठेवलं हो, पण तिथेच माझा घात झाला.

कारण माझी वायर काढलेली, आणि काकू फोन हातात घेऊन खाली आल्या. निधीला व्हॉइस मेसेज पाठवत होत्या.

"निधी, तुझ्या बाबांनी आज प्रॅक्टिकल केलंय. बोला हो, का फुटला पाइप?"

काका गुडघ्यांवर बसून फडकं पिळत होते. "पाण्याच्या रेणूंची संरचना..."

"संरचना नको. मला कळेल असं सांगा. माझे मोजे भिजलेत."

काकांनी फडकं बादलीत टाकलं. "हळदीकुंकवाला बायका कशा बसल्या होत्या?"

"दाटीवाटीने. चाळीस जणी होतो."

"आणि फुगडीला उठल्या तेव्हा?"

"टेबलं हलवावी लागली. हात ताणून धरायचे तर जागा नको?"

"झालं तर मग. पाणी म्हणजे बसलेल्या बायका. गोठायला लागलं की रेणू एकमेकांचे हात ताणून धरतात. बायका तेवढ्याच, जागा जास्त लागते. आणि पाइपात हलवायला टेबलं नसतात."

काकू हसत सुटल्या. काकाही हसले. दोन वर्षांत ते माझ्यासमोर एकदाही हसले नव्हते. आणि माझ्यापासून दोन हातांवर हे सगळं त्या तडकलेल्या काचेच्या, हळदीचे डाग पडलेल्या फोनच्या घशात गेलं.

निधीने फोन केला. "बाबा, धिस इज द एपिसोड. मी असाच अपलोड करतेय." आठ दिवसांत तीन हजार लोकांनी ऐकलं. ब्रॅम्पटनच्या देवेश नावाच्या ट्रकवाल्याने लिहिलं, 'काका, थंडीत डिझेल का घट्ट होतं तेही सांगा.' त्या रेकॉर्डिंगमध्ये बादली खळखळते, बांगड्या वाजतात. मी असतो तर कसं लख्ख टिपलं असतं. पण कुणाला त्याचं काही नाही.

आता दोघं वर स्वयंपाकघरात फोन ठेवून बोलतात. मी खाली पडल्या पडल्या ऐकतो आणि जळतो. निधी म्हणाली, "माइक मंडळाला डोनेट करून टाका ना." काका म्हणाले, "बघू."

मागच्या मंगळवारी काका खाली आले. मला टॉवेलातून काढलं, वायर जोडली. मी हरखून गेलो. कागद न घेता त्यांनी सुरुवात केली, "तर पद्मा, डिझेलचं असं असतं..." आणि थांबले. शेजारी बघितलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा मला बंद करून जिना चढून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनने माझं काहीच पळवलं नव्हतं. काका फोनशी बोलतच नव्हते.

पोटात अजून दुखतं, आता काकूंवरून दुखतं. पण मंडळाच्या कपाटात पडून जळण्यापेक्षा इथे जळलेलं बरं. म्हणून काका, एवढं ऐका. फर्नेस खुशाल चालू ठेवा, बांगड्याही वाजू द्या, मी सगळं सोसेन. फक्त वरून एक खुर्ची खाली आणा. दोन वर्षं या खोलीत एकच आहे, आणि टाचणी ऐकणाऱ्या मला ते कधी कळलं नाही.