अर्धी सुई

“हिरीबाई, आता ही दवा चालत नाही,” असं म्हणून कंपाउंडर वहाबने सुई डबीत परत ठेवली. खाटेवर तिचा नवरा सोमला भिंतीकडे तोंड करून खोकत होता. हिरीबाईला पटेना. न चालायला काय झालं? याच स्ट्रेप्टोमायसिनने तर सोमला होळीला उठून लेंगीची गाणी गायला होता!

वहाब मानोऱ्याहून सायकल हाणत तांड्यावर यायचा. भला माणूस, पण भिडस्त. कोणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. सोमलाच्या क्षयासाठी दवा आली, तेव्हा धाकटा दीर लालसिंगही रक्त थुंकू लागला होता, आणि त्याच्यासाठी वेगळी दवा काही केल्या मिळेना. तांड्यात बोकड कापला तर घरोघरी सारखा वाटा जातो. मग घरात आलेली दवा एकट्याच्याच अंगात कशी जाईल? अर्धी याला, अर्धी त्याला, असं हिरीबाईने सांगून टाकलं. वहाबने मान खाली घालून तसंच केलं. दोघंही तरतरीत झाले. बाई तेव्हा किती खूश होती म्हणून सांगू!

पावसाळ्यात लालसिंग गेला. आता सोमलाने अंथरूण धरलं होतं.

“डागदरसायब म्हनते, अर्ध्या दवेनं किडे मेले नाहीत, पक्के झाले,” वहाब म्हणाला. “आता पुरी देली तरी ते मरत नाहीत. चूक माही बी हाय.”

सोमलाने कूस बदलली.

“एकट्यानंच घेतली असती, तं भावाच्या तोंडाकडे कसं पाह्यलं असतं मी?”

पौषात तोही गेला. मूलबाळ नव्हतंच, घर खायला उठलं. त्यात हिरीबाईला खोकला लागला. कोणाला सांगायची सोय नव्हती, आणि सांगून तरी काय होणार होतं?

पुढे तांडा कामासाठी बाहेरगावी निघाला. तांड्याच्या नायकाने, दौलतसिंगने, तिच्या दारात गाडी थांबवली, बोचकं टाक म्हणाला. तिने पदर तोंडाला लावला.

“तुमी जा. तेच किडे माह्या अंगात हायेत. हे मी कोणाले वाटनार नाही.”

दौलतसिंगची बायको धनीबाई खाली उतरली. निरोप घेताना तांड्यातल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. धनीबाई दोन्ही हात पसरून पुढे आली, तशी हिरीबाई झपझप मागे सरली, काटेरी कुंपणाच्या आत गेली आणि तिथूनच रडू लागली.