अंबिकाला काय सांगायचं होतं

मलप्पानं अंबिकाचं मनगट धरलं आणि तिचा हात हळूच गादीवर टेकवला. तो पुन्हा वर आला, तोंडावरच्या मास्ककडे. मलप्पानं पुन्हा खाली घेतला.

"नगं, अंबिका. नंतर बोल. आधी दम घे."

उशाशी ठेवलेलं मशीन मास्कमधून हवा आत ढकलत होतं, थांबत होतं, पुन्हा ढकलत होतं. मधूनच ते टिंगटिंग वाजायचं. मग गीतांजली सिस्टर यायच्या, मास्क नाकावर नीट बसवायच्या, डोक्यामागून आलेले पट्टे ओढायच्या. थोडा वेळ मशीन गप्प राही. अंबिका मान वळवायची, पट्टा सरकायचा, गालाजवळून हवा फसफसत बाहेर जायची, आणि पुन्हा तेच.

अंबिका म्हणजे मलप्पाच्या बायकोची धाकटी बहीण. काल उदगीरहून तिला लातूरच्या या दवाखान्यात आणलं तेव्हा ती धड जागी नव्हती. जुना दमा, त्यात छाती भरलेली. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय. या मास्कनं तो बाहेर पडला तर बरं. उद्या संध्याकाळी रक्त पुन्हा तपासू. उतरला नसेल तर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि अशा छातीची माणसं त्या मशीनवरून लवकर सुटत नाहीत.

"मास्क काढू देऊ नका," ते म्हणाले होते. "सगळं त्याच्यावरच आहे."

अंबिकाचा नवरा वीरण्णा येताना मलप्पाला घेऊनच आला होता. गेल्या वर्षी मलप्पाची बायको गौरम्मा अशाच मास्कवर होती, याच शहरात, दुसऱ्या दवाखान्यात. "तुमाला ह्यातलं कळतंय, आण्णा," वीरण्णा म्हणाला होता. आपल्याला त्यातलं काय कळतं, हे मलप्पानं विचारलं नाही. दुकानाचं शटर ओढून तो गाडीत बसला.

काल मास्क लावायच्या आधी सिस्टरनी दागिने उतरवायला सांगितले. बांगड्या निघाल्या, नाकातली चमकी निघाली. गळ्यातलं इष्टलिंग आणि मंगळसूत्र त्यांनी राहू दिलं. राहिल्या बुगड्या, कानाच्या वरच्या कडेला घातलेल्या, मोत्याच्या. लग्नात घातल्या तेव्हापासून अंबिकानं त्या उतरवल्या नव्हत्या. वीरण्णानं मलप्पाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," मलप्पा म्हणाला. "गौरम्माच्याबी काढल्या न्हवत्या. सुवासिनीचा कान मोकळा करू न्हाई."

"पट्टा नीट बसायला पाहिजे बघा," सिस्टर म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि त्या गेल्या.

आता हात पुन्हा वर आला. पायथ्याशी बसलेला वीरण्णा उठला.

"जलमभर बोलतच आली," तो म्हणाला. "एक दिवस गप ऱ्हा म्हणलं तर हिला जमंना." मग मलप्पाकडं वळून हळू आवाजात, "पोराच्या लग्नाचं असंल, महांतेशच्या. ती निलंग्याची पोरगी हिच्या मनात न्हाई."

सिस्टर डोकावल्या. "असाच हात नेत राहिल्या तर बांधून ठेवावा लागेल."

"बांधू नका," मलप्पा म्हणाला. "म्या धरून बसतो."

गौरम्माचाही त्यानं असाच धरला होता. तिचाही हात दिवसभर मास्ककडं जात होता, आणि तो म्हणत होता, नंतर बोल, बरी झाल्यावर बोल, कुणी अडवलंय. ती त्याच्याकडं बघायची. दुसऱ्या दिवशी हात वर यायचा थांबला, आणि दुपारी ती गेली. मुलगी शिवानी नांदेडहून पोचली तेव्हा मशीन बंद झालेलं होतं. अंघोळ घालताना बायकांनी बुगड्या काढून शिवानीच्या हातात दिल्या. कानाला काळं पडलंय, असं त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं. तिथं कोण थांबतंय. मातीला उशीर होत होता.

नंतर शिवानीनं विचारलं, "आईला काय सांगायचं होतं, आप्पा?"

 तेव्हापासून तो त्याचं उत्तर शोधत होता. शिवानीच्या सासरचं असेल. घराचं असेल. त्याचंच काही असेल, जन्मभर मनात ठेवलेलं. दुकानात कापड फाडताना त्याचा हात मध्येच थांबायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काय झालं, मामा?

दुपारी गोळ्या देण्यापुरता मास्क काढायची परवानगी मिळाली. सिस्टरनी तो बाजूला केला आणि नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावली. अंबिकाच्या नाकावर लाल वळ उठले होते. ती दोन घोट पाणी प्याली. वीरण्णा तिच्या तोंडाशी वाकला.

"बोल, काय ते बोल. महांतेशला फोन लावू?"

तिनं नवऱ्याकडं बघितलंच नाही.

"दाजी," ती मलप्पाला म्हणाली. दम घेतला. "बुगडीवर... पट्टा रुतून राहिलाय. कालपासनं."

"आन?" वीरण्णा म्हणाला.

"आन काय? कान तुटायलाय माझा. हात नेला की... हे धरतेत."

वीरण्णा हसला. हसता हसता त्यानं गमछ्यानं डोळे पुसले. "आन म्या म्हणलं लग्नाचं."

"त्याचं... नंतर बोलते."

मलप्पा हसला नाही. तो खाली वाकला. पट्ट्याखाली बुगडी आडवी दाबली गेली होती आणि कानाची कड लालभडक होऊन फुगली होती.

"तरीच पट्टा बसत नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "दुखलं की त्या मान वळवणार. कालच काढायला पाहिजे होती मी."

त्यांनी हात पुढं केला.

"थांबा," मलप्पा म्हणाला. "म्या काढतो."

फिरकी गच्च बसली होती. सिस्टरनी कापसावर थोडं मलम दिलं. त्यानं ते लावलं, जरा थांबला आणि नखानं फिरकी फिरवली. अंबिकानं डोळे मिटून घेतले. एक निघाली, मग दुसरी. दोन्ही त्यानं वीरण्णाच्या तळहातावर ठेवल्या. वीरण्णानं मूठ मिटली, आणि सुवासिनीच्या कानाचा विषय कुणी काढला नाही.

सिस्टरनी मास्क पुन्हा लावला. पट्टा सपाट बसला. मशीन हवा ढकलत राहिलं, वाजलं नाही. अंबिकाचा हात गादीवर पडून होता. मलप्पानं तो तरीही धरलेला होता. ती झोपली हे बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यानं तो सोडला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कार्बन डायऑक्साइड उतरायला लागलाय, डॉक्टर म्हणाले, नळीचं आज नको.

शिवानी नांदेडच्या बसनं आली तेव्हा वीरण्णा चहाला गेला होता. तिनं काचेतून मावशीला बघितलं आणि बाकावर वडिलांशेजारी येऊन बसली. तिच्या कानात आईच्या बुगड्या होत्या. हल्ली पोरी पुन्हा घालतात.

"मावशी बोलली का काही?"

"हाव. जरा."

"काय म्हणाली?"

मलप्पा तिच्या कानाकडं बघत होता.

"आप्पा?"

त्यानं हात उचलला, बुगडीपर्यंत नेला, आणि लावला नाही.

"ही रुतत न्हाई नं तुला?"

"नाही. का?"

"झोपताना काढून ठेवत जा," मलप्पा म्हणाला.