चौथऱ्याखालची पावलं

भर दुपारी पडदे ओढलेल्या हॉलमध्ये दोनशे माणसं डोळे मिटून बसली होती.

"डोळे उघडाल तर आत्मा वाटेतूनच माघारी फिरेल! तिकडे दुसरी गाडी नसते!" चौथऱ्यावरून महाराज बजावत होते.

मग पावलं वाजू लागली. टक्, कर्र, टक्.

"आले!" शेजारी वहिनी कुजबुजली. पलीकडच्या बाईचा मुलगा आला होता, पुढच्या म्हाताऱ्याची बायको. इतक्या घरची गेलेली माणसं बुटांच्या एकाच जोडीत चालत होती.

दादा जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून मला ना रडू येत होतं, ना राग. वहिनी मात्र इथे येऊन त्याला प्रश्न विचारायची. एक पाऊल म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्या दिवशी तिने विचारलं, "अहो, इन्सुलिन बंद करू?"

एकच पाऊल वाजलं.

तीन दिवसांत तिची साखर चारशेच्या वर गेली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "समजूत घाला, नाहीतर हातची जाईल ही."

समजूत कसली घालणार? पण ती 'कर्र' माझ्या ओळखीची होती. रेडिओवरच्या नाटकांसाठी आवाज तयार करणं हे माझं काम. वीस वर्षांपूर्वी एका नाटकातल्या खुन्यासाठी मी जुने बूट हातांत घालून फळीवर चालवले होते. डाव्याचा तळ उसवलेला होता, त्याचीच ही 'कर्र' त्या नाटकाच्या ध्वनिमुद्रणात उतरली होती.

पुढच्या बैठकीला मी तेच बूट आणि फळी पिशवीतून नेली. सगळ्यांचे डोळे मिटल्यावर गुडघ्यांवर बसलो आणि बूट चालवले.

"आले!" वहिनी म्हणाली. हॉलभर हुंदके फुटले.

"आता डोळे उघडा," मी म्हणालो.

"पाखंडी!" महाराज किंचाळले. मी चौथऱ्याची चादर उचलली. खाली स्पीकर होता आणि त्याची वायर महाराजांच्या आसनाखाली गेली होती. कळ त्यांच्या टाचेशीच होती.

"वहिनी, दादा घरात बूट घालायचा?"

ती माझ्या हातांतल्या बुटांकडे बघत राहिली. "नाही. अनवाणीच असायचे."

"मग ओळखलंस कसं?"

"मला ऐकायचेच होते ते."

कानाला अर्धाच आवाज पुरतो, उरलेला माणूस आपण मनाने भरतो. यावरच माझं पोट चालतं, म्हणून सांगतो. नाटक ऐकून खुशाल रडा. पण एखादा आवाज औषध बंद करायला सांगू लागला, तर तो येतो कुठून ते आधी वाकून बघा.

घरी आल्यावर वहिनीने दंड पुढे केला.

"आता ते खरंच गेले," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो आणि सुई टोचली.