अँटवर्पची वही

चारुदत्तचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते आणि वसुधाने त्याला घराबाहेर पडायची सक्त मनाई केली होती. पण मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी ज्येष्ठ मंडळात आज श्रीरंगचं प्रवासवर्णन होतं, आणि श्रीरंग म्हणजे चाळीस वर्षांचा जिवलग. बायकोची बोलणी खाऊन तो वॉकर घेऊन निघालाच. श्री नुकताच बेलव्ह्यूला मुलाकडे जातो असं सांगून जाऊन आला होता. तिथल्या डोंगरांबद्दल बोलणार असेल, असा चारुदत्तचा अंदाज.

तो लायब्ररीच्या हॉलमध्ये मागच्या दाराने शिरला तेव्हा दिवे मालवलेले होते. पडद्यावर डोंगरबिंगर काही नव्हते. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जुन्या व्यापारी एक्स्चेंजची इमारत होती: वर काचेचं छत, भोवती कोरीव खांब, आणि मधोमध पोट पुढे काढून उभा श्रीरंग.

चारुदत्तच्या पायाखालची जमीन सरकली. डेट्रॉइटमधल्या पहिल्या भाड्याच्या खोलीत दोघांनी याच इमारतीचं कॅलेंडरवरचं चित्र भिंतीला चिकटवलं होतं. रिटायर झाल्यावर जायचं, आणि दोघांनीच जायचं. चारुदत्तने सहा महिने खपून वही लिहिली, कुठून आत शिरायचं, कुठे थांबून वर बघायचं. ऑपरेशन ठरलं तेव्हा श्री म्हणाला होता, "तू बरा हो, स्प्रिंगमध्ये जाऊ." आणि जरा अभ्यास करतो म्हणून वही घेऊन गेला. मित्राने केसाने गळा कापला होता.

आता श्रीरंग तीच वही स्वतःची म्हणून वाचत होता. तो जिथे तिथे अडखळत होता. वही बहुधा आजच उघडली होती. शेजारी बसलेली प्रीता कुजबुजली, श्रीरंगकाकांचा अभ्यास केवढा. चारुदत्तचे कान तापले.

श्रीरंगने पान उलटलं. "मागच्या दाराशी बाक आहे. इथे श्रीला पाच मिनिटं बसवायचं. चालून चालून त्याची शुगर उतरते, पण तो कबूल करत नाही. खिशात बिस्किटं..."

तो थांबला. लोक एकमेकांकडे बघू लागले. श्रीरंगने मान वर केली, आणि शेवटच्या रांगेत त्याला वॉकर दिसला.

"थांबलास का?" चारुदत्त म्हणाला. "वाच पुढे. माझंच आहे."

चारुदत्तच्या कोटात सवयीने घेतलेला बिस्किटांचा पुडा होता, श्रीसाठीच आणलेला. त्याने तो काढला, फोडला आणि श्रीच्या डोळ्यांदेखत एकेक करून सगळी बिस्किटं स्वतः खाल्ली.