पालखीचा बांधलेला बार

या, असे जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढं या, मला ओरडून सांगायला लावू नका. कीर्तनात बुवा अभंग सोडवून झाला की आख्यान लावतात ना, तसं मीही आज एक आख्यान लावणार आहे. फरक एवढाच, की यातला महाराज बनावट आहे आणि यातला चमत्कार दीड इंच लांबीचा आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याजवळचं आमचं गाव, आंबेदरण. चंपाषष्ठीचा दिवस. खंडेरावाची पालखी गाभाऱ्यातून निघालेली, भंडाऱ्यानं माणसं ओळखू येईनात, 'येळकोट येळकोट'च्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आमच्याकडं रीत अशी, की पालखीनं उंबरा ओलांडला की बहिरूआबांनी त्यांच्या आज्याच्या एकनळी बंदुकीचा बार आभाळात काढायचा. बार झाल्याशिवाय पालखी हलत नाही. आणि आदल्या सांजेला ही बंदूक देवापुढं ठेवून तिला भंडारा लावायचा. एकदा भंडारा लागला की ती देवाची. मग काडतूस घालण्यापुरती उघडायची. चाचपायची नाही, पुसायची नाही, निरखायची नाही. कायद्याला यातलं काहीच धरून नव्हतं. पण रीत म्हटली की आमच्या गावाची अक्कल हात जोडून उभी राहते.

आबांनी घोडा चढवला, चाप ओढला. खट्!

दुसरं काडतूस घातलं. खट्!

गजर थांबला. पालखीचे भोई एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात देवळाच्या ओट्यावरून आवाज आला, "थांबा! बार बांधला गेलाय."

हे भस्मगिरी महाराज. महिन्यापूर्वी गावात उतरले आणि देवळातच मुक्काम ठोकून बसले. कमरेला रेशमी बटवा, हातात दोन मोबाईल, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं कुठल्यातरी यूट्यूबवरचं. त्यांनी डोळे मिटले, नाकानं हवा ओढली आणि म्हणाले, "निगेटिव्ह एनर्जी. बहोत भारी व्हायब्रेशन. बाईच्या हाताची करणी आहे. एकटी बाई. देवळाला खेटून राहते."

देवळाला खेटून एकच घर. दोन खोल्या, पुढं तुळस. सगुणाबाईचं. नवरा वारून वीस वर्षं झाली. कांदा निंदायला जायची, सांजेला देवापुढचा दिवा लावायची. माझ्यासारख्या कीर्तनवेड्यासाठी सप्ताहात पहिल्या रांगेत गोणपाट अंथरून ठेवायची. त्या बाईकडं अख्ख्या गावानं माना वळवल्या. आणि मी? मीही वळवली. खोटं कशाला सांगू?

"मी काय केलं रे बाबांनो?" ती म्हणाली.

गुरुवारी महाराजांनी पुरावा दिला. सगुणाबाईला शिवेबाहेर मळ्यात पाठवलं. बंदूक घेऊन महाराज काळ्या घोंगडीखाली शिरले. "ॐ फट् स्वाहा, बंदूक के देवता जागृत हो!" घोंगडी पाच मिनिटं हलत होती. बाहेर येऊन त्यांनी बंदूक आबांच्या हाती दिली. आबांनी चाप ओढला. धाड! मग बाईला बोलावून आणलं, पुन्हा घोंगडी, पुन्हा मंत्र. खट्! शंभर मोबाईलांनी ते टिपलं. सांजेपर्यंत 'बंदूक बांधणारी बाई' नामपूरच्या मार्केटातही पोचली.

निकाल लागला: येत्या रविवारी बाईनं गाव सोडायचं, बार मोकळा होईल, थांबलेली पालखी निघेल. रिकाम्या खोल्यांचं काय? महाराज विरक्तीनं म्हणाले, "तिथं छोटासा मठ करू. आपल्याला कशाचाच मोह नाही."

मोह नव्हता, फक्त दोन खोल्या आणि तुळस पाहिजे होती!

आबांची सून हर्षाली हायस्कुलात विज्ञान शिकवते. गुरुवारी ती घरी आली तेव्हा आबांनी काडतुसं खिशातून काढून ताटलीत ठेवलेली. तिनं एक उचललं, उलटं केलं, दुसरं उचललं.

"आबा, हे फुटलेलं. याच्या बुडाच्या टोपीला केवढा खड्डा पडलाय बघा. आणि ही तिन्ही न फुटलेली. साधा ओरखडा नाही."

"मंतरानं बांधलंय म्हटल्यावर कसा पडंल?"

"मंत्रानं दारू बांधली म्हणू एक वेळ. पण घोडा तर आपटला ना? आपण सगळ्यांनी ऐकला. मग टोला गेला कुठं?"

सून म्हणाली, "बंदूक उघडून दाखवू कुणाला तरी."

"भंडारा लागलाय पोरी तिला. रीत मोडू?"

"ती सगुणामावशी गाठोडं बांधून बसलीय, आबा. रीत ऱ्हाईल आणि बाई जाईल. चालंल तुम्हाला?"

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. शुक्रवारी सकाळी देवळात गेले, खंडेरावाला हात जोडले आणि पुजाऱ्याला म्हणाले, "परवान्याची तपासणी हाय. नेतो." आयुष्यातलं पहिलं खोटं ते देवासमोर बोलले, आणि मला वाटतं देवानं ते हसत ऐकून घेतलं असेल.

जुन्या नाशकात एका बोळात वाल्मीक मिस्त्रींचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. हर्षाली आबांना तिथं घेऊन गेली. त्यांनी आधी परवाना पाहिला, नंबर वहीत उतरवला, मगच बंदुकीला हात लावला. चष्मा कपाळावरून खाली घेतला, बंदूक बिजागरीवर वाकवून नळीमागच्या भोकात बघितलं आणि हसायलाच लागले.

"आबा, हिच्यात पिनच नाही! घोडा मागून आपटतो, पिन पुढं सरकते, काडतुसाच्या टोपीला टोचते, तेव्हा बार होतो. ही नुसती घंटा आहे, आतला लोलक काढून नेलाय कुणीतरी."

"झिजून पडली असंल."

"पडेल कशी? स्क्रूनं अडकवलेली असते. आणि हा स्क्रू बघा. खाच ताज्या ओरखड्यांनी चमकतेय. ज्यानं खोलला त्याचा हात सरावाचा आहे. कोण मिस्त्री आहे तुमच्या गावात?"

"मिस्त्री नाय. मांत्रिक."

"तेच ते," मिस्त्री म्हणाले.

पोलादाची बारीक सळई घेऊन ते लेथवर बसले. घासायचं, भोकात घालून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. दोन तास त्यांनी मान वर केली नाही. मंत्र म्हटला नाही की घोंगडी घेतली नाही. सगळं उघड्यावर, सासरा-सुनेच्या डोळ्यांदेखत.

रविवार उजाडला. देवळासमोर जत्रेपेक्षा दुप्पट गर्दी. सगुणाबाई गाठोडं काखेत घेऊन उभी. आबा घरूनच बंदूक घेऊन आले. महाराजांनी घोंगडी पसरली.

"महाराज, आज घोंगडी नको," आबा म्हणाले. "तुमचा मंतर लांबून चालत नाय का?"

महाराज क्षणभर अडखळले, मग गोड हसले. हसणारच! पिन तर त्यांच्यापाशी. "भक्ता, आमची पॉवर वायफायसारखी आहे. आधी बाईसमोर झाडून दाखव. नाही फुटणार! ती इथं असेपर्यंत तिन्ही लोकांत नाही फुटणार! खात्री नाही? लाव, माझ्या छातीला लाव!" आणि खरोखरच छाती उघडी टाकून नळीसमोर उभे राहिले. बाया किंचाळल्या. माणसं पायांवर डोकी ठेवायला धावली.

नळी छातीपासून हातभर अंतरावर. आत काय बसवलंय ते आबा, हर्षाली आणि मिस्त्री या तिघांनाच ठाऊक, आणि मिस्त्री नाशकात.

"सरका बुवा," आबा म्हणाले. "आमचा बार आभाळात असतो. तुमच्यासाठी काडतूस नासवायची माझी इच्छा नाय."

नळी वर गेली. सगुणाबाई चार हातांवर उभी.

धाड!

पिंपळावरचे पारवे उडाले. महाराज मटकन खाली बसले, आणि बसता बसता त्यांचा हात आपसूक कमरेच्या बटव्यावर गेला. चाचपायला.

"काय बघता महाराज?" हर्षालीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आहे ना जागेवर?"

पोरांनी बटवा ओढून उलटा केला तेव्हा त्यातून अंगारा पडला, बारीक स्क्रूड्रायव्हर पडला आणि दीड इंचाची एक काळपट पिन पडली. हर्षालीनं ती उचलून पोरांना दाखवावी तशी गावाला दाखवली. "ही काढली की करणी. ही घातली की कृपा. घोंगडीखाली एवढंच चालायचं. आज बंदुकीत मिस्त्रींनी बसवलेली नवी पिन आहे." आदल्या सांजेला भंडारा लावलेली बंदूक रात्रभर देवळात, महाराजांच्या उशाशीच होती, आणि तिला कुणी उघडून बघणार नाही याची हमी आमच्या रीतीनंच दिलेली. पुढं पोलिसांकडून कळलं, की महाराजांचं नाव रविराज. परराज्यात एका बंदूक दुरुस्तीवाल्याकडं दोन वर्षं हाताखाली होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याला नेलं तेव्हा जीपपाशी त्याची एनर्जी निगेटिव्हच दिसत होती.

आता खरी लाज ऐका. महाराज गेल्यावर तीच गर्दी सगुणाबाईकडं वळली. एकानं तिच्या पायावर लोटांगण घातलं. "आई, तूच जागृत देवी! तुझ्यामुळंच बार झाला!" दुसऱ्यानं भंडारा उधळला.

बाईनं पाय मागं घेतला. "मागल्या आठवड्यात चेटकीण, आज देवी! मधलं काय दिसतच नाय का रे तुम्हाला? बाई हाय मी. आबांच्या बंदुकीत नवी पिन बसवलीय म्हणून बार झाला. उठा, पालखी खोळंबलीय." गाठोडं काखेत तसंच घेऊन ती घरात गेली. मागून जाऊन माफी मागायला मला दोन दिवस लागले. तिनं चहा दिला, माफीचं काही बोलली नाही.

आबांनी त्या वर्षीपासून बार बंद केला. पालखी आता हलगीवर निघते. मी अजूनही भंडारा लावतो, कीर्तनात पहाट करतो. देवावरचा माझा विश्वास तसूभर कमी झालेला नाही. उलट देवानं डोळे दिलेत, बोटं दिलीत, 'कसं काय' विचारायची बुद्धी दिलीय. ती न वापरता हात जोडणं हा त्याचाच अपमान, असं आता वाटतं.

तेव्हा मंडळी, एकच मागणं. कुणी बुवा एखाद्या एकट्या बाईकडं बोट दाखवेल आणि तुमची मान आपोआप तिकडं वळायला लागेल, तेव्हा क्षणभर थांबा. झाकलेलं आधी उघडून बघा. आणि काखेत गाठोडं घेऊन भर गावासमोर उभ्या असलेल्या आमच्या सगुणाबाईची आठवण ठेवा.