ओल्या सारवणातला पांगुळगाडा

मित्रांनो, मला तीन चाकं आहेत आणि ब्रेक एकही नाही. पांगुळगाडा म्हणतात मला. नुकतं उभं राहायला लागलेलं पोर माझी दांडी धरतं, मला ढकलतं आणि माझ्यामागून चालायला शिकतं. मुरबाडच्या बाजूला, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावर मी राहतो. आता म्हातारा झालोय, चालताना कुरकुरतो. पण कामचुकार मी कधीच नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मंगळूनं मला घडवलं ते त्याच्या थोरल्या लेकीसाठी, कुणालीसाठी. सागाचं लाकूड, तासून तासून गोल केलेली चाकं. काय मिरवायची ती पोरगी! मला घेऊन कोंबड्यांच्या मागे लागायची. मग तिचा भाऊ दिपेश आला. तो चालायला शिकत होता तेव्हा कुणाली स्वतःच एवढीशी होती, पण एक हात माझ्यावर आणि एक त्याच्या चड्डीला. पुढे दोघं माझ्यावरून भांडायची. तो म्हणे गाडा माझा, ती म्हणे आधी माझा, आणि दोन्हीकडून मला ओढायची. खरं सांगू, मला ते फार आवडायचं.

मग धाकटी तानी झाली. आईबाप सकाळीच भेंडी तोडायला मळ्यावर जात आणि तानी दिवसभर कुणालीच्या कडेवर. कुणालीची शाळा बंद पडली. शेजारची प्रेमाकाकी म्हणाली होती, पोर चालती झाली की मी बघेन तिला, पण तिला कडेवर घेऊन मला पाणी भरता येणार नाही. झालं! कुणालीनं त्याच दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं, धूळ पुसली आणि दांडी तानीच्या हातात दिली. तानी चालली की ती शाळेत जाणार होती.

तिथेच दिपेशनं घोळ घातला. गाडा कुरकुरतो म्हणून, मदत करायला म्हणून, त्यानं माझ्या चाकांना मोहाचं तेल चोपडलं. चांगलं भरपूर चोपडलं. तानीनं दांडी ढकलली मात्र, मी सुसाट पुढे आणि ती तोंडावर. ओठ फुटला बिचारीचा. तेव्हापासून मी दिसलो की पोरगी भोकाड पसरायची. कुणालीनं चाकांना राख चोळली, दोरी बांधून मला मागून धरून ठेवलं, पण तानी मटकन खाली बसायची. लोक म्हणायला लागले, राहू दे गो, चालेल तेव्हा चालेल. कुणाली ऐकेल तर शपथ. रोज दुपारी पुन्हा तेच. पोर हट्टी, आणि मीही तिच्याच घरचा.

एके सकाळी आईनं जाताना बजावलं, अंगण सारव आणि वाळेपर्यंत कुणाला पाय ठेवू देऊ नको. कुणालीनं शेणमाती कालवली, सगळं अंगण हातानं जाड सारवलं. तेवढ्यात दिपेशनं मला ओल्या सारवणात ढकलून दिलं, निव्वळ खोडी म्हणून. माझी चाकं रुतली. कुणालीनं त्याच्यावर हात उगारला, पण तो हात तसाच वर राहिला. ती माझ्या चाकांकडे बघत होती.

तिनं तानीला उचलून आणलं आणि माझ्यामागे उभं केलं. दिपेश घाबरला. आई मारेल म्हणाला.

"मी खाईन मार," कुणाली म्हणाली. "तू गप ऱ्हा."

तानीनं रडत रडत दांडी धरली. मी पळालो नाही. पळणार कसा? तिनं ढकललं, मी जरासा सरकलो. ती रडायची थांबली. पुन्हा ढकललं. मित्रांनो, जन्मात इतका जोर लावून इतका हळू मी कधी चाललो नव्हतो! पण अंगणाच्या त्या टोकापर्यंत आम्ही गेलो. तिथे तानी वळली आणि बहिणीकडे बघून हसली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आई परतली तेव्हा सारवणाची पार वाट लागलेली होती. ती तणतणत कुणालीवर धावून गेली. कुणाली जागची हलली नाही.

"ही तानीची पावलां हायत, आये. ती चालली."

आई खाली बसली. त्या पावलांवरून तिनं हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "प्रेमाला सांगते मी. तू शाळंत जा."

त्यानंतर तानी कोरड्या जमिनीवरही मला घेऊन चालू लागली. कुणाली दप्तर घेऊन शाळेला निघाली त्या सकाळी तानी मला ढकलत तिच्यामागे आली. प्रेमाकाकी मागून हाका मारत होती. कुंपणाजवळच्या दगडाला माझं चाक अडलं आणि मी कलंडलो. तानीनं मला तिथेच सोडलं आणि हात पसरून एकटीच बहिणीमागे निघाली.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर त्याला चुलीत घालू नका. शेजारी एखादं पोर उभं राहायला धडपडत असेल, त्याच्या हाती द्या. ते पोर एक दिवस त्याला वाटेत टाकून जाईल. जाऊ द्या. मी त्या दगडाशी आडवा पडून तानीची पाठ बघत होतो आणि मनात एकच म्हणत होतो, मागे वळू नको पोरी, चाल.